टोटल लॉस गाडीचे पैसे: विमा कंपनीचा आकडा तपासायचा कसा?

समजा, किल्लारीतल्या एका कुटुंबाची मोटार रात्री लामजन्याहून परत येताना उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. माणसं वाचली, गाडीचं नाक मात्र काचेपर्यंत आत गेलं. क्रेन बोलावून गाडी लातूरच्या वर्कशॉपला पोचवली. तीन आठवड्यांनी विमा कंपनीतून फोन आला, "सर, तुमचा क्लेम दोन लाख एकोणसाठ हजारांत सेटल होतोय. संमतीचा मेल पाठवा." पॉलिसीच्या पहिल्या पानावर तर ४,२०,००० रुपये लिहिलेले आहेत. मग मधले १,६१,००० गेले कुठे?

उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली आकडेमोड खरी आहे. बहुतेक लोक इथे एक तर फोनवरच "बरं" म्हणतात, नाही तर एजंटावर चिडून गप्प बसतात. त्याऐवजी कागद आणि पेन घेऊन बसावं. कंपनीचा आकडा आकाशातून पडलेला नसतो. तो तीन-चार पायऱ्यांनी खाली आलेला असतो आणि प्रत्येक पायरीला नियम आहे.

नुकसानाचा पंचनामा आणि त्यावरून मिळणारी रक्कम हा विषय किल्लारीला नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. बाकीच्या गावांतल्या घरांची वर्गवारी झाली आणि कोणाचं घर कोणत्या वर्गात बसलं यावर मदत ठरली. तो सरकारी निर्णय होता. मोटारीचा विमा हा करार आहे, आणि करारात दुसऱ्या बाजूलाही बोलायचा हक्क असतो. गाडीच्या फुल इन्शुरन्समध्ये अपघात, आग आणि चोरीसोबत पूर आणि भूकंपही येतात, हे मात्र भूकंपाच्या गावातही अनेकांना माहीत नसतं.

आधी एक गोष्ट तपासा. पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल, तर स्वतःच्या गाडीसाठी एक रुपयाही मिळत नाही आणि पुढचं वाचून उपयोग नाही. १ सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या नव्या मोटारींना थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा सक्तीचा झाला. त्यामुळे घोटाळा असा होतो की, पहिल्या वर्षानंतर स्वतःच्या नुकसानीचा भाग संपलेला असतो आणि मालक समजत राहतो की विमा चालूच आहे.

४,२०,००० आले कुठून?

पॉलिसीच्या पहिल्या पानावरची ही रक्कम म्हणजे आयडीव्ही, विम्यासाठी दोघांनी मान्य केलेली गाडीची किंमत. ती काढायची रीत साधी आहे. पॉलिसी सुरू होते त्या दिवशी गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या दरपत्रकात त्या मॉडेलची जी किंमत असेल ती घ्यायची आणि तीतून वयानुसार घसारा वजा करायचा. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. आपल्या उदाहरणात नूतनीकरणाच्या वेळी गाडीला तीन वर्षं उलटून गेली होती आणि दरपत्रकात किंमत ७,००,००० होती. ४० टक्के वजा गेले, राहिले ४,२०,०००. तुम्ही गाडी ६,४०,०००ला घेतली होती की उधारीवर, याचा इथे संबंध नाही. पॉलिसी सुरू झाली त्या दिवशीची दरपत्रकाची किंमत धरली जाते.

आता महत्त्वाचं. आपल्याकडच्या प्रमाणित पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं आहे की गाडी पूर्ण गेली, तर हीच रक्कम पॉलिसीच्या संपूर्ण मुदतीत 'बाजारभाव' मानायची आणि त्यावर आणखी घसारा लावायचा नाही. नूतनीकरणानंतर अकराव्या महिन्यात अपघात झाला तरी आकडा तोच. इंग्लंड-अमेरिकेत तसं नसतं. तिथे अपघाताच्या आदल्या क्षणी गाडीची बाजारात काय किंमत होती यावर वाद चालतो आणि मालक तशाच गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती पुरावा म्हणून जोडतो. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट कंपनीनेही दाखवायचे नाहीत आणि मालकानेही. याची दुसरी बाजू अशी की, बाजारात गाडीला पाच लाख मिळत असले, तरी आयडीव्ही ४,२०,००० असेल तर वर मागता येत नाही.

पाच वर्षांवरच्या गाडीला घसाऱ्याचं हे कोष्टक लागू होत नाही. तिथे रक्कम कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. खटके सगळ्यांत जास्त इथेच उडतात. हप्ता घेताना कंपनी २,५०,००० मान्य करते आणि अपघातानंतर नुकसान मोजायला आलेला सर्व्हेअर लिहितो, "बाजारभाव १,७०,०००." २००८ साली ओरिएंटल इन्शुरन्सविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावर बोट ठेवलं. कंपनीने एकदा किंमत मान्य करून तिच्यावर हप्ता घेतला, की दावा आल्यावर मनमानी करून ती खाली आणता येत नाही. तुमचं भांडण या प्रकारचं असेल, तर पत्रात या निकालाचा उल्लेख जरूर करा.

७५ टक्क्यांची रेषा

आपल्या उदाहरणातली खरी मेख इथे आहे. गाडी 'टोटल लॉस' कधी धरायची? ती उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च, पॉलिसीच्या अटींनुसार मोजून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला तर. ४,२०,०००चे ७५ टक्के म्हणजे ३,१५,०००.

वर्कशॉपचं इस्टिमेट आलं ३,९५,०००चं. मालकाला वाटलं, रेषा ओलांडली. पण "पॉलिसीच्या अटींनुसार मोजून" हे तीन शब्द विसरू नका. प्लास्टिक आणि रबरचे भाग १,००,०००चे होते, त्यांवर वय काहीही असो ५० टक्के घसारा. राहिले ५०,०००. पत्रा आणि लोखंडाचे भाग २,००,०००चे, गाडी तीन ते चार वर्षांची म्हणून २५ टक्के घसारा. राहिले १,५०,०००. काचेला घसारा नाही, तिचे २०,०००. मजुरी ७५,०००. बेरीज २,९५,०००. रेषेपेक्षा वीस हजार खाली. सर्व्हेअर म्हणतो, गाडी दुरुस्त करा. म्हणजे कंपनी सुमारे २,९४,००० देणार आणि वरचे लाखभर रुपये मालकाच्या खिशातून जाणार. तेही अशा गाडीसाठी, जिची चेसिस सरळ करून घ्यावी लागली आहे.

गंमत अशी की, याच मालकाने झिरो डेपचं जादा कवच घेतलं असतं, तर हा घसारा कापलाच गेला नसता. खर्च ३,९५,००० धरला गेला असता आणि तीच गाडी टोटल लॉस ठरली असती.

रेषेच्या जवळ असलेल्या दाव्यात सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे गाडी पूर्ण उघडून केलेलं इस्टिमेट. पहिलं इस्टिमेट बहुतेक वेळा बाहेरून बघून केलेलं असतं. बॉनेट कापून काढलं, की आत वाकलेला क्रॉस मेंबर, तडकलेली गिअरबॉक्सची केसिंग आणि चिरडलेलं वायरिंग दिसतं. आपल्या उदाहरणात असे ४०,०००चे लोखंडी भाग निघाले, तर २५ टक्के घसारा वजा जाऊन ३०,००० वाढतात आणि एकूण ३,२५,००० होतात. रेषा ओलांडली. म्हणून वर्कशॉपच्या मॅनेजरला सांगा, "साहेब, पुरवणी इस्टिमेट सर्व्हेअरला मेलवर पाठवा आणि मला कॉपीत ठेवा." तोंडी सांगितलेलं कुठेच मोजलं जात नाही. क्रेनची पावतीही जोडा. कंपनी ओढून नेण्याचा खर्च भागवते तो खासगी मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीत एका अपघाताला १,५०० रुपयांपर्यंतच, पण रेषेची बेरीज करताना गाडी आणण्याचा खर्च हाही घटक आहे.

भंगाराचा भाव

आता आपले २,५९,००० सापडतात. सर्व्हेअरने अखेर गाडी टोटल लॉस मानली, पण हिशेब असा मांडला: ४,२०,००० वजा भंगाराची किंमत १,६०,०००, वजा सक्तीची वजावट १,०००. ही सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपये आणि त्यावर २,००० असते. तिच्याबद्दल भांडू नका, ती करारातच आहे.

भांडायचं ते १,६०,०००बद्दल. टोटल लॉसमध्ये दोन वाटा असतात. पहिल्या वाटेत चुराडा झालेली गाडी तुम्ही कंपनीच्या ताब्यात देता आणि कंपनी ४,१९,००० देते. दुसऱ्या वाटेत गाडी तुमच्याकडे राहते आणि कंपनी तिची किंमत वजा करून उरलेले देते. कंपन्यांना दुसरी वाट आवडते, कारण भंगार विकायची कटकट त्यांच्यावर येत नाही. त्या ऑनलाइन लिलाव करतात, कुठल्या तरी शहरातला भंगारवाला १,६०,०००ची बोली लावतो आणि तीच बोली तुमच्या रकमेतून कापली जाते. तो माणूस गाडी उचलायला आला आणि पैसे देऊन गेला, तर तुमचे ४,१९,००० पूर्ण झाले. तो आलाच नाही, किंवा येऊन "यात काही दम नाही, एक लाख घ्या" म्हणाला, तर होणारी खोट तुमची.

म्हणून संमती देण्याआधी कंपनीला लेखी विचारा: बोली लावणारा कोण, बोली कधीपर्यंत वैध आहे, त्याने पैसे न दिल्यास फरक कोण भरणार? उत्तर गुळमुळीत आलं, तर लिहा, "भंगाराची ही किंमत मला मान्य नाही. गाडी कंपनीने ताब्यात घ्यावी आणि आयडीव्हीमधून फक्त सक्तीची वजावट करून रक्कम द्यावी." सोबत लातूरच्या दोन-तीन जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांकडून त्याच अवस्थेतल्या गाडीची लेखी किंमत घेता आली तर सोन्याहून पिवळं. सर्व्हेअरच्या आकड्याला आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं.

बाकीच्या कपाती आणि नकार थोडक्यात. खासगी मोटारीत भाड्याची सवारी होती, म्हणून दावा पूर्ण फेटाळला जातो. अशा प्रकरणात २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सरसकट नकार देऊ नये, काही कपात करून तडजोडीच्या तत्त्वावर रक्कम द्यावी. जुनी गाडी विकत घेऊन आरसी तुमच्या नावावर झाली, पण पॉलिसी आधीच्या मालकाच्याच नावावर राहिली, तर मात्र स्वतःच्या गाडीचा दावा उभा राहणं फार अवघड असतं. नाव बदलायला चौदा दिवसांची मुदत आहे आणि आपल्या भागात ती सर्रास चुकते. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीला चावी लावू नका. सप्टेंबर २०२५च्या पुरात मराठवाड्यात कित्येक गाड्या पाण्यात गेल्या. पाणी शिरलेलं इंजिन चालू केल्याने ते बसलं, तर ते नुकसान साध्या पॉलिसीत येत नाही, असं कंपनी म्हणते.

सर्व्हेअरचा अहवाल मागा

सर्व्हेअरला लोक उगाच न्यायाधीश समजतात. विमा नियामकाच्या २०२४च्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत त्याची नेमणूक, १५ दिवसांत त्याचा अहवाल आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय व्हायला हवा. अहवालाची प्रत तुम्हाला मागता येते. ती मागितल्याशिवाय भांडण सुरूच करू नका, कारण आकडा कुठल्या ओळीत खाली आला हे त्यातच दिसतं. एका ट्रकच्या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी अंतिम शब्द नाही. तुम्ही स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या परवानाधारक सर्व्हेअरकडून मूल्यांकन करून घेतलं, तर पुढे ते पुरावा म्हणून ठेवता येतं. एक-दोन लाखांच्या फरकासाठी हा खर्च परवडतो. दहा हजारांच्या फरकासाठी नाही.

मग पत्र. ते मराठीत असलं तरी चालतं, पण छोटं हवं. क्लेम क्रमांक, पॉलिसी क्रमांक, गाडीचा क्रमांक, आयडीव्ही, कंपनीने देऊ केलेली रक्कम, तुम्हाला मान्य नसलेली प्रत्येक कपात वेगळ्या ओळीत, तिच्यासमोर तुमचा आकडा आणि जोडलेला कागद. शेवटी "१५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे." कंपनीने मला लुबाडलं, माझ्या घरात लग्न आहे, गाडीशिवाय शेताला जाता येत नाही, हे सगळं खरं असेल, पण त्याने रकमेत एक रुपयाही वाढत नाही. पत्र मेलनेच पाठवा. तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता पॉलिसीवर छापलेला असतो.

या काळात कंपनी एक कागद पुढे करते: "पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली." गाडीवर कर्ज असेल, हप्ते थकत असतील, तर माणूस सही करून मोकळा होतो. सही केली म्हणून सगळं संपलं असं नाही. फसवून, दबाव आणून किंवा अडचणीचा फायदा घेऊन सही घेतली असेल तर जास्तीची मागणी करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९मध्येच सांगितलं. नियामकानेही २०१५च्या परिपत्रकात म्हटलं की अशा व्हाउचरमुळे विमेदाराचा न्यायालयात जाण्याचा हक्क जात नाही. तरी सही करतानाच "निषेध नोंदवून स्वीकारले, उरलेल्या रकमेचा हक्क राखून" असं हाताने लिहा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. दबाव होता हे नंतर सिद्ध करत बसण्यापेक्षा हे सोपं आहे.

आणि हो, कर्ज असेल तर कंपनीचे पैसे आधी बँकेला जातात, उरलेले तुम्हाला. त्यामुळे दावा लांबला तरी हप्ते भरत राहा.

पुण्याला जावं की लातूरला?

तक्रार निवारण अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत उत्तर द्यायला हवं. न दिल्यास किंवा उत्तर न पटल्यास नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवा. टोल फ्री क्रमांक १५५२५५. नियामक स्वतः रक्कम ठरवत नाही, पण तिथून गेलेल्या तक्रारीला कंपनीला उत्तर द्यावंच लागतं, आणि पुष्कळदा वीस-तीस हजारांचा फरक इथेच मिटतो.

नाही मिटला, तर दोन दारं आहेत. पहिलं विमा लोकपालाचं. लातूर-नांदेड पुण्याच्या कार्यालयाकडे येतात आणि ते कार्यालय नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. कंपनीकडे तक्रार करून महिना उलटलेला असावा आणि कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज करावा. तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते, त्यामुळे किल्लारीहून पुण्याला हेलपाटे घालावे लागतीलच असं नाही. सगळे कागद मिळाल्यावर तीन महिन्यांत निवाडा द्यायचा असतो. तो कंपनीला बांधील, तुम्हाला नाही.

दुसरं दार लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचं. २०१९च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय मुंबईत असो की चेन्नईत. फी भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे हप्त्यावर ठरते आणि पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे. मुदत दोन वर्षांची. इथे रकमेसोबत व्याज आणि मनस्तापाची भरपाईही मागता येते, पण वेळ लागतो, कधी कधी फारच. दोन्ही दारं एकाच वेळी ठोठावता येत नाहीत. माझं मत विचाराल तर, भंगाराचा भाव किंवा ७५ टक्क्यांची रेषा असा निव्वळ आकड्यांचा वाद लोकपालाकडे न्यावा. दावाच फेटाळला असेल, साक्षी-पुरावे लागणार असतील, तर आयोगाकडे जावं. आयोगाने तुमच्या बाजूने निकाल दिला आणि कंपनीला राज्य आयोगात अपील करायचं असेल, तर तिला ४५ दिवसांत जायचं आणि निम्मी रक्कम आधी भरायची आहे. ही तरतूद सामान्य माणसाच्या बाजूची आहे.

पैसे खात्यात आले तरी एक काम उरतं आणि नेमकं तेच विसरलं जातं. कायमची निकामी झालेली गाडी १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी रद्द करायची, असं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५मध्ये आहे. एमएच-२४ क्रमांकाची तुमची मोडकी गाडी भंगारवाल्याने कुठे तरी डागडुजी करून रस्त्यावर आणली आणि तिने कोणाला उडवलं, तर नोंद तुमच्या नावावर असेपर्यंत भरपाईची नोटीस तुमच्या दारात येईल. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये हेच म्हटलं: ज्याचं नाव नोंदीत, तोच मालक. म्हणून गाडी कंपनीने नेली असो की लिलावातल्या माणसाने, ताबा दिल्याची सही-तारखेची पावती घ्या आणि आरसी रद्द झाल्याचा किंवा हस्तांतराचा कागद हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

ज्यांची गाडी धडधाकट उभी आहे त्यांनी आज एवढंच करावं. पॉलिसीचं पहिलं पान काढून आयडीव्ही बघावा. मोबाइलवर नूतनीकरण करताना हप्ता स्वस्त दिसावा म्हणून एजंट तो आकडा खाली ओढतो. त्यात हजार-दीड हजार वाचतात आणि गाडी गेली तर साठ-सत्तर हजार बुडतात. त्या वेळी कुठलाही लोकपाल ते परत मिळवून देऊ शकत नाही, कारण तो आकडा तुम्हीच मान्य केलेला असतो.